एकतीस नंबरचे जॉइंट

पीटरनं एक्स-रेची फिल्म दिव्याच्या पांढऱ्या काचेवर चिकटवली, पेन्सिलीनं एक जागा दाखवली आणि विचारलं, "हा जॉइंट कोणी मारला?"

फोरमन कुरियननं ते हिंदीत सांगितलं. तशी गरज नव्हती. सहा महिन्यांत तेवढं इंग्रजी मला समजायला लागलं होतं. फिल्मवर पाइपच्या जोडाचा करडा पट्टा होता आणि पट्ट्यात खसखस सांडावी तसे काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे हवेचे बुडबुडे. वितळलेल्या लोखंडात हवा अडकून राहिली की असे दिसतात. वरून जोड गुळगुळीत असतो, आत पोकळ. फिल्मच्या कोपऱ्यात जोड मारणाऱ्या वेल्डरचा नंबर होता, एकतीस.

एकतीस नंबर हमीदचाचांचा. माझा बत्तीस.

चाचा माझ्या शेजारी टोपी हातात धरून उभे होते. ते म्हणाले, "मैंने मारा, साब."

पीटरनं वहीत लिहून घेतलं. मी खाली बघत होतो. कारण तो जॉइंट मी मारला होता.

ही गोष्ट कुवेतची. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही दोघं तिकडे गेलो. तेलाच्या टाक्यांपासून समुद्राच्या धक्क्यापर्यंत पाइपलाइन टाकायचं काम होतं. कंपनीचं नाव इथं कामाचं नाही. मी सातवीत शाळा सोडलेला, मोताळ्याजवळच्या एका खेड्यातला. त्याआधी माझा सगळ्यात लांबचा प्रवास खामगावपर्यंतचा होता. तिकडे गेल्यावर पहिला महिनाभर मला रोज सकाळी वाटायचं की आज मला परत पाठवतात.

न समजणारं बरंच होतं. आमच्याकडे मालक दुकानात आला की हातातलं काम टाकून उभं राहायचं, हीच रीत. पीटर हा वेल्डिंग तपासणारा साहेब, हॉलंडचा. पहिल्या आठवड्यात तो माझ्या मागून गेला आणि मी सवयीनं वेल्डिंग अर्ध्यावर सोडून, मास्क वर करून ताठ उभा राहिलो. तो खवळला. मध्येच सोडलेल्या वेल्डिंगला खड्डा पडतो आणि खड्ड्यातून चीर जाते. त्यानं कुरियनला सांगितलं, "याला सांग, मी राजा नाही. राजा आला तरी रॉड संपेपर्यंत उठायचं नाही." शिवाय त्याला साहेब म्हणायचं नाही, नुसतं पीटर म्हणायचं. हे मला फार जड गेलं. बापाच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची! मी पुष्कळ दिवस हाकच मारली नाही. समोर जाऊन उभा राहायचो, तो बघेपर्यंत.

पण या सगळ्यापेक्षा मोठी चूक आमच्या हातून रोज होत होती आणि ती चूक आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

ती समजायची तर मोताळ्याचं दुकान समजलं पाहिजे. हमीदचाचा म्हणजे आमच्या भागातले नावाजलेले मिस्त्री. वीज आली तसं त्यांनी तेलात थंड राहणारं विजेचं वेल्डिंग मशीन आणलं, त्याआधी गॅसवर काम चालायचं. वखराची पास, गाडीचा आख, जिनिंगच्या मशीनचे तुटलेले दात, सगळं त्यांच्याकडे यायचं. मी तेराव्या वर्षी तिथं लागलो. तीन वर्षं नुसता हातोडा धरला आणि झाडलोट केली. चौथ्या वर्षी त्यांनी माझ्या हातात रॉड धरायचा होल्डर दिला. पुढं दुकानातलं निम्मं वेल्डिंग मीच करायचो. पण बाजाराच्या दिवशी शेतकरी वस्तू न्यायला आला आणि त्यानं विचारलं, "चाचानंच केलं ना रे?" की मी म्हणायचो, "हाव, चाचानंच."

हे खोटं आहे असं कोणाला वाटत नसे. दुकान त्यांचं, इल्म त्यांचा, हात फक्त माझा. आणि त्यात एक न्यायही होता. काम मोडलं तर शेतकरी शिव्या चाचांना द्यायचा. ते सगळ्या ऐकून घ्यायचे, माझं नाव कधी घेत नसत. तो गेल्यावर मग माझ्याकडे वळायचे, "काय करून ठेवलं बे हे? झोपीत मारलं का?" नाव त्यांचं आणि शिव्याही त्यांच्याच. शागिर्दाला वीस वर्षं तरी स्वतःचं नाव नसतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

हीच रीत आम्ही पेटीत घालून कुवेतला नेली.

मुंबईत भरतीची ट्रायल झाली तेव्हा चाचा स्वतःच्या हातानं पास झाले होते. डोळ्यांना थोडं धुरकट दिसतं म्हणायचे, पण काम व्हायचं. कुवेतच्या उन्हात आणि वाळूच्या पांढऱ्या झळाळीत ते वाढलं. मोतीबिंदू होता, हे पुढं कळलं. मास्कच्या काळ्या काचेतून वितळलेल्या लोखंडाचं छोटं डबकं बघावं लागतं. वेल्डरचं सगळं कसब त्या डबक्यावर नजर ठेवण्यात आहे. चाचांना डबक्याऐवजी नुसता गोल उजेड दिसायला लागला.

एक दिवस त्यांनी होल्डर माझ्याकडे दिला. म्हणाले, "परल्हाद, हा एक तू मार. मले आज बराबर दिसून नाई राह्यलं."

मी मारला. दुसऱ्या दिवशी दोन मारले. मग हळूहळू सगळेच.

आम्ही जोडीनं काम करायचो म्हणून ते जमलं. चाचा पाइपाची तोंडं घासायचे, दोन्ही पाइप समोरासमोर बसवायचे, मधली फट बरोबर ठेवायचे. याला फिट-अप म्हणतात. फट अडीच-तीन मिलिमीटर लागते. बाकीचे लोक त्यात तार घालून मोजत, चाचा नखानं मोजायचे आणि ती चुकायची नाही. मग मी पहिला आतला थर मारायचो, त्याला रूट म्हणतात. त्यावर भरणीचे थर आणि शेवटी वरचा थर, कॅप. झालं की जॉइंटच्या शेजारी पेंटच्या खडूनं नंबर टाकायचा. एका जॉइंटला मी बत्तीस लिहायचो, दुसऱ्याला एकतीस. तोंडावर मास्क असला की कोण कोण आहे हे लांबून कोणाला कळणार?

एकतीस लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. उलट बरं वाटायचं. वाटायचं, चला, उस्तादाची थोडी परतफेड होते आहे.

फक्त एका माणसाच्या हातानं दोघांचं काम होत होतं. त्यामुळे घाई व्हायची. वारा सुटला की वाळू उडते. वेल्डिंगला वारा लागू नये म्हणून ताडपत्रीचा आडोसा करायचा असतो. घाईत मी दोनदा तो धड बांधला नाही. पहिल्या वेळेस एकतीसचाच एक जॉइंट नापास झाला, तो मी कापून परत मारला. दुसऱ्या वेळेस हे खसखशीचे ठिपके.

पीटरनं वही मिटली आणि नियम सांगितला. एका नंबरचे दोन जॉइंट नापास झाले की त्या वेल्डरनं परत परीक्षा द्यायची. पंचेचाळीस अंशांत तिरपा बांधलेला पाइप, खालून वरपर्यंत पूर्ण वेल्डिंग, पीटर शेजारी उभा. पास झाला तर काम चालू. नापास झाला तर पुढच्या विमानानं घरी.

"शनिवारी सकाळी सात वाजता," कुरियन म्हणाला. "एकतीस नंबर."

तो दिवस बुधवार होता.

खोलीवर आलो. चाचा पलंगावर बसून राहिले. मी स्टोव्ह पेटवला, खिचडी टाकली. शेवटी मी म्हणालो, "चाचा, तुम्ही माझं नाव काऊन नाही सांगतलं? मी मारलाय तो."

"अन् काय सांगू? का माह्या जॉइंटवर हा मारते? मंग तो इचारीन, तू काय करतं?"

"मंग आता?"

"आता काय. जाईन परत."

ते म्हणाले सहज, पण मला माहीत होतं ते सोपं नाही. दुकान त्यांनी धाकट्या भावाच्या हवाली केलं होतं. या भावाशी त्यांचं कधी पटलं नव्हतं. निघताना भाऊ चार लोकांत म्हणाला होता, "बुढापे में परदेस चले. देखेंगे कितने दिन टिकते." सहा महिन्यांत परत गेले तर त्याच दुकानात, त्याच्या हाताखाली, डोळ्यांनी दिसत नसलेला मिस्त्री म्हणून बसायचं. मोताळ्याच्या बाजारात सगळ्यांनी बघायचं.

गुरुवारी माझ्या डोक्यात एक शक्कल आली. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मी फार खूश झालो होतो. दुपारी जेवताना मी चाचांना म्हणालो, "शनिवारी मी जातो तुमच्या जागी. मास्क लावूनच येतो घरून. तुमचा कोट घालतो. आपली उंची सारखीच हाय."

चाचांनी भाकरीचा घास तसाच हातात धरला. "अन् दाढी?"

"मास्कच्या आतच राह्यते ना दाढी."

"माही राह्यते. तुले हाय कुठं?"

मी म्हणालो, मास्कात कोणाला दिसते? ते म्हणाले, "पोट्ट्या, परीक्षा झाल्यावर तो हात मिळवते. मास्क काढून. मंग काय मास्कातूनच सलाम करशीन?" आणि एवढ्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. मीही हसलो. पण हसू ओसरल्यावर दोघांनाही कळलं की आता काही उरलं नाही.

शुक्रवार सुट्टीचा. मी सकाळीच कुरियनच्या खोलीवर गेलो. कुरियन केरळचा, आठ वर्षं तिकडे काढलेला माणूस. हिंदी मोडकी, पण मन साफ. तो मासे साफ करत होता. मी दारातच उभा राहिलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यानं एकदाही मान वर केली नाही.

मी थांबल्यावर तो म्हणाला, "मेरे को तीन हफ्ते से मालूम है."

"कैसे?"

"एकतीस और बत्तीस का कॅप एक जैसा. दो आदमी का कॅप कभी एक जैसा नहीं होता. तुम्हारा दोनों भाई का माफिक दिखता."

"फिर बोला क्यों नहीं?"

"जॉइंट अच्छा था. मैं क्यों बोलेगा?" त्यानं मासा उलटा केला. "अभी खराब हुआ, अभी बोलना पड़ेगा. लेकिन मैं नहीं. तुम बोलेगा. मैं खाली ट्रांसलेट करेगा."

मी घाबरून म्हणालो, तुम्हीच सांगा ना, तुमचं ऐकतील. आमच्याकडे अशीच पद्धत. मोठ्या माणसाला वाईट बातमी स्वतः सांगायची नसते, मध्ये एखादा वजनदार माणूस घालायचा. कुरियननं सुरी खाली ठेवली.

"देखो. उधर का सिस्टम इधर नहीं चलता. मैं बोलेगा तो कंप्लेंट होता. तुम बोलेगा तो रिपोर्ट होता. कंप्लेंट में आदमी जाता है. रिपोर्ट में जॉइंट जाता है." मग सुरी परत उचलत म्हणाला, "और तीन हफ्ते वाला बात उसको नहीं बोलने का. बोलेगा तो मैं ट्रांसलेट नहीं करेगा."

मी खोलीवर येऊन चाचांना सांगितलं. ते चिडले. "तू काऊन गेला तिकडं? तुही नोकरी घालवतं का मायासंगं? एक जाईन तं जाऊ दे."

"जॉइंट मावाच हाय ना चाचा."

"नंबर मावा हाय!"

दिवसभर आम्ही याच्यावर भांडलो. मोताळ्यात असतो तर मी उस्तादापुढं एक शब्द बोललो नसतो. इथं मी उलट बोललो आणि शेवटी त्यांना माझं ऐकावं लागलं. "कर मंग काय करायचं ते," म्हणाले, "पण तिथं रडू नको. इज्जत जाईन."

शनिवारी सातला दहा मिनिटं कमी असताना आम्ही पीटरच्या पत्र्याच्या ऑफिसात गेलो. बाहेर परीक्षेचा पाइप तिरपा बांधून तयार होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला नावानं हाक मारली.

"पीटर," मी म्हणालो आणि पुढं हिंदीत सांगितलं. एकतीस नंबरचे जॉइंट दोन महिन्यांपासून मी मारतो आहे. चाचांच्या डोळ्यांना दिसत नाही. नापास झालेले दोन्ही माझे आहेत. आडोसा मी नीट बांधला नव्हता.

कुरियन एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेला. पीटरचा चेहरा लाल होत गेला. मी वाट बघत होतो की आता तो ओरडेल, टेबलावर हात आपटेल, कागद फेकेल. आमच्याकडचा मालक असता तर एवढ्यात दोघांच्याही सात पिढ्या निघाल्या असत्या. आणि खरं सांगतो, ते मला सोपं गेलं असतं. शिव्या खाल्ल्या की प्रकरण मिटतं, ही आमची सवय.

त्यानं शिवी दिली नाही. त्यानं कपाटातून मोठं रजिस्टर काढलं आणि विचारलं, "कोणते?"

"म्हणजे?"

"एकतीस नंबरचे एकूण बावन्न जॉइंट आहेत. त्यातले तुझे कोणते, यांचे कोणते?"

मला सांगता येईना. मी तारीख लिहून ठेवली नव्हती. सुरुवातीला एखादा मी, एखादा चाचा, असं मिसळून चाललं होतं. पीटर पेन्सिल हातात घेऊन थांबला. कुरियननं त्याचं पुढचं बोलणं सांगितलं ते मला अजून पाठ आहे. "खराब जॉइंट मी कापून काढू शकतो. पण कोणाचा कोणता हेच माहीत नसेल, तर मी काय कापू? सगळी लाइन?"

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की नंबर हा मान नाही. मी तो मान समजून उस्तादाला देत होतो. पीटरच्या लेखी तो पत्ता होता. उद्या त्या पाइपातून दाबानं तेल जाणार. एखाद्या वेल्डरच्या हातात खोट निघाली, तर त्याचे बाकीचे जॉइंट शोधायला तो पत्ता लागतो. मी बावन्न जॉइंटांचा पत्ता पुसून टाकला होता.

चाचा पुढं झाले. "साब को बोलो, मेरे को लाइन पे ले चले. मैं बताता."

पीटरला वाटलं असावं की म्हातारा वेळ काढतो आहे. पण तो उठला. आम्ही चौघं लाइनवर गेलो. वाळूत लाकडी ठोकळ्यांवर पाइप लांबवर पसरला होता. चाचांनी हातमोजा काढला, पहिल्या जॉइंटवर बोटं ठेवली आणि पाइपाभोवती हळूहळू फिरवली. सकाळची वेळ होती म्हणून, नाहीतर दुपारी त्या पाइपाला हात लावता येत नाही.

"ये मेरा." पुढच्यावर. "ये भी मेरा." पुढच्यावर बोटं थांबली. "ये इसका. ये जल्दी में है."

कॅप म्हणजे वेल्डरचं अक्षर असतं. रॉड कुठं थांबवला, परत कुठून उचलला, हात किती हलवला, त्याच्या बारीक लाटा उमटतात. चाचांनी मला शिकवलं होतं, माझं अक्षर त्यांना बोटांनी वाचता येत होतं. पीटर रजिस्टरमध्ये खुणा करत होता, पण त्याचा विश्वास बसलेला दिसत नव्हता. दहा-बारा जॉइंट झाल्यावर त्यानं चाचांचा दंड धरला आणि शेजारच्या लाइनवर नेऊन त्यांचा हात एका जॉइंटवर ठेवला. तिथं आम्ही दोघांनी कधी काम केलं नव्हतं.

चाचांनी बोटं फिरवली. परत फिरवली. तोंड वाकडं केलं. मग मला म्हणाले, "हा आपल्यातल्या कोणाचा नाई. पण जो कोणी हाय, तो डावखुरा हाय. सगळं उलट्या अंगानं सुरू केलं त्यानं."

मी कुरियनला सांगितलं, कुरियननं पीटरला. पीटरनं रजिस्टर उघडलं, नंबर बघितला आणि हसला. तो एका इजिप्शियन वेल्डरचा जॉइंट होता आणि तो गडी जेवायचा, लिहायचा, पत्ते पिसायचा, सगळं डाव्या हातानं.

परीक्षेचा तिरपा पाइप तसाच राहिला.

पण आम्ही सहीसलामत सुटलो असं नाही. दोघांच्याही फाइलला वॉर्निंग लेटर लागलं. माझ्याकडून त्यावर सही घेतली तेव्हा मी सहीखाली "माफी असावी" असं मराठीत लिहिलं, पीटरनं अर्थ विचारून ते खोडलं. म्हणाला, हा कागद माफीसाठी नाही, काय झालं त्यासाठी आहे. बावन्नच्या बावन्न जॉइंटांचे एक्स-रे परत काढले. किरण कोणाला लागू नयेत म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळी माणसं लांब गेली की एक्स-रेवाले लाल दोरी बांधून आत जायचे, तसे ते आठवडाभर गेले, आणि रोज परत येताना माझ्याकडे रागानं बघायचे. तेवढे दिवस माझाही बत्तीस नंबर बंद. मी नुसते पाइप घासत होतो आणि मनात देवाचं नाव घेत होतो. ठिपक्यांचा तो धरून बावन्नमधले दोन नापास निघाले. चाचांनी बोटं फिरवताना त्यातला दुसरा आधीच सांगितला होता, "हा मले बरा नाई वाटत" म्हणून. दोन्ही माझे होते. मी ते कापले, आडोसा चारी बाजूंनी बांधला आणि पीटरच्या समोर परत मारले. त्यांची फिल्म आली तेव्हा पट्टा स्वच्छ होता. पीटर म्हणाला, "उद्यापासून बत्तीस चालू." मी बाहेर येऊन पाइपाच्या सावलीत बसलो. चाचांनी तिथं रडू नको म्हटलं होतं, बाहेरचं काही म्हटलं नव्हतं.

एकतीस नंबर कायमचा रद्द झाला. चाचांना वेल्डर म्हणून ठेवता येणार नाही, असं पीटरनं स्पष्ट सांगितलं. मग त्यानं पुढचं सांगितलं. चाचांना फिटर म्हणून घ्यायचं. सगळ्या लाइनचं फिट-अप त्यांनी बघायचं आणि दोन माणसं त्यांच्या हाताखाली. ती दोघंही त्यांच्यापेक्षा उंच आणि दोघांनाही हिंदी येत नव्हतं, तरी आठवड्याभरात चाचा त्यांना "काय करून राह्यले बे" म्हणून झापताना ऐकू येऊ लागले आणि ती ऐकतही होती.

मी कुरियनला म्हणालो, पीटर फार मोठ्या मनाचा माणूस आहे.

"मन का बात नहीं," कुरियन म्हणाला. "फिटर शॉर्ट है. तेल का जहाज का तारीख फिक्स है. लेकिन तुम शनिवार को झूठ बोलता, तो फिटर शॉर्ट होने पर भी दोनों को भेजता."

ते खरं असेल. तरी मी पीटरचा आजही आभारी आहे. कारण काहीही असो, आम्ही राहिलो.

फिट-अप पास झालं की फिटरला कागदावर सही करावी लागते. चाचांना उर्दूशिवाय सही येत नव्हती. त्यांनी पीटरला विचारलं, चालेल का? पीटरनं ती सही उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, उत्तम, ही दुसऱ्या कोणाला मारता येणार नाही. चाचांनी तिथं आणखी चार वर्षं काढली. पहिल्या रजेत अकोल्याला जाऊन एका डोळ्याचं ऑपरेशन केलं, दुसऱ्या रजेत दुसऱ्याचं. जाड भिंगांचा चष्मा लावून मोताळ्याच्या बाजारातून फिरले, भावाच्या दुकानासमोरून जरा जास्तच वेळा. नंतर कायमचे परत आले ते आपल्या मर्जीनं.

मी पुढं तीन देशांत वेल्डिंग केलं. आमच्या भागातली पोरं बाहेरगावी, बाहेरदेशी कामाला निघाली की मला विचारायला येतात, तिथं काय सांभाळायचं? जेवणाचं, थंडीचं, पासपोर्टचं मी सांगतोच. वर एवढं सांगतो की उस्तादाचं काम जरूर करा, पण केलेल्या कामावर नंबर स्वतःचा टाका. उस्तादाला वाईट वाटेल. चाचांना दोनच दिवस वाटलं होतं.